आत्ती, आज्जी आणि आनंदीबाई

निवृत्त झालेल्या डॉक्टरला समारंभाला बोलावलं, की एक प्रश्न ठरलेला असतो. शाल-श्रीफळ झालं, हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवला, की सूत्रसंचालक माईक पुढं करतात आणि विचारतात, "मॅडम, तुम्ही या क्षेत्राकडं कशा वळलात?" गेली चाळीस वर्षं माझंही उत्तर ठरलेलं होतं. मी माझ्या आत्तीची गोष्ट सांगायची. सभागृह गप्प व्हायचं, पुढच्या रांगेतल्या दोन-चार बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मी खाली बसायची.

ती गोष्ट अशी. साल 1960. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. 1956 च्या नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो होतो. पण गावच्या बायकांच्या दृष्टीनं त्यानं एवढंच झालं होतं, की दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं बदलली. आत्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी नऊ वर्षांची. कळा सुरू झाल्या आणि दुसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना. मूल आडवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं, की सुईण दर थोड्या वेळानं बाहेर येऊन आज्जीच्या कानात काही सांगते आणि आज्जी पुन्हा चुलीपुढं जाऊन बसते. तालुक्याला डॉक्टर होता. पण तो पुरुष. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी गाडी निघाली तेव्हा उशीर झालेला होता. वाटेतल्या ओढ्याशी बैल पाणी प्यायला थांबले आणि तिथूनच गाडी परत फिरली.

भाषणात मी पुढं सांगायची, की आमच्या आजोबांनी पुरुष डॉक्टर नको म्हणून हट्ट धरला, त्यात आत्ती गेली, आणि त्याच दिवशी मी ठरवलं, की डॉक्टर व्हायचं.

या तीन वाक्यांपैकी आत्ती गेली एवढंच खरं आहे. बाकीच्याबद्दल हा लेख आहे. पण त्या हिशेबाला मी सरळ आले नाही, आनंदीबाई जोश्यांच्या वाटेनं आले. तेव्हा आधी त्यांचं सांगते.

आनंदीबाईंची गोष्टही आपल्याकडं तीन वाक्यांतच सांगितली जाते. लहानपणी लग्न झालं, दहा दिवसांचं बाळ दगावलं, म्हणून त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी 1968 साली आली आणि ती घराघरात वाचली गेली. त्यावर नाटक झालं, 2019 साली चित्रपटही आला. कादंबरीकाराला आणि दिग्दर्शकाला एका क्षणावर बोट ठेवावं लागतं, त्यात त्यांची चूक नाही. पण काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी 1888 साली प्रसिद्ध केलेलं चरित्र, आणि खुद्द आनंदीबाईंची पत्रं यांच्या नादी लागलं, की तो एक क्षण हाती लागत नाही. हाती लागतात ती आठ-दहा वर्षं.

31 मार्च 1865 रोजी कल्याणला जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, वयानं वीस वर्षांच्या आसपास मोठे, विधुर आणि विक्षिप्त. बायकोनं शिकलं पाहिजे हे वेड त्यांचं, तिचं नव्हे. आणि ते बाळाच्या कितीतरी आधीचं. अलिबागला बदली झाली तेव्हाच अभ्यास सुरू झाला होता. तो कसा चाले, हे आनंदीबाईंनी पुढं अमेरिकेतून नवऱ्यालाच पत्रात लिहिलं आहे. कोवळ्या वयातल्या मुलीला मारलेली लाकडं आणि फेकलेल्या खुर्च्या त्या विसरल्या नव्हत्या. तरीही त्या शिक्षणाचं ऋण त्यांनी मानलं. हे दोन्ही एकाच पत्रात असावं याचं मला पहिल्यांदा वाचताना आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही.

अलिबागनंतर कोल्हापूर. आपल्या भागातल्या वाचकांनी इथं जरा थांबावं. अमेरिकेची सगळी कथा मुंबईत किंवा पुण्यात सुरू झाली असं आपण समजतो. ती सुरू झाली कोल्हापुरात. सप्टेंबर 1878 मध्ये गोपाळरावांनी तिथल्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत मला नोकरी मिळेल का, अशी त्यातली मुख्य विचारणा. ते पत्र वाइल्डर नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याकडं गेलं. हे वाइल्डर कोल्हापुरात अनेक वर्षं राहून गेलेले. त्यांनी ते आपल्या मासिकात छापलं आणि शेजारी उत्तरही छापलं. ख्रिस्ताला शरण या, मग बघू, अशा वळणाचं. विषय तिथंच संपायचा. पण 1880 साली न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडं गेल्या, आपली पाळी येईपर्यंत तिथं पडलेलं जुनं मासिक चाळत बसल्या आणि त्यांच्या नजरेला ते पत्र पडलं. त्यांनी घरी जाऊन हिंदुस्थानात कागद धाडला. आनंदीबाई त्यांना पुढं मावशी म्हणू लागल्या.

याच काळात, चौदाव्या वर्षात, त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांनी गेला. योग्य उपचार मिळाले असते तर वाचला असता, हे त्यांच्या मनात राहिलं असणार यात मला शंका नाही. प्रसूतिगृहात उभं आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला त्यासाठी पुरावा लागत नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या दुःखाचं 'डॉक्टर व्हायचं' हे वाक्य कधी झालं? कारण बाळ गेल्यावर लगेच कोणी कुठं निघालं नाही. बदल्या होत राहिल्या. मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. कलकत्त्याच्या मुक्कामात आनंदीबाईंची स्वतःची प्रकृती ढासळली. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, दम लागणं. कार्पेंटरबाई अमेरिकेतून औषधं पाठवत. एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आजारी पडते, आणि तिला मोकळेपणानं दाखवता येईल अशी बाई जवळपास नाही. तिची औषधं सातासमुद्रापलीकडून एक बाई धाडते. माझ्या मते हा अनुभव बाळाच्या मृत्यूइतकाच मोठा. पण चित्रपटात तो दाखवायला अवघड. डोकेदुखीवर कोण रडणार?

मग आलं 24 फेब्रुवारी 1883. श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठराव्या वर्षात असलेल्या या मुलीनं इंग्रजीत भाषण केलं. लोक तिला जे जे प्रश्न विचारत, त्यांची तिनं एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेला का जाता? इथं शिकायची सोय नाही का? एकट्याच का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? संकट आलं तर? आजवर कोणत्या बाईनं केलं नाही ते तुम्हीच का करता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. देशात बायकांसाठी हिंदू बाई डॉक्टर हवी आहे, तिची फार गरज आहे, आणि ती मी होणार. रस्त्यानं जाताना लोक कसे खडे मारतात, कसे हसतात, हेही तिनं सांगितलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, हेही बजावलं. आपल्या दुःखाचं भांडवल करून श्रोत्यांच्या डोळ्यांना पदर लावायला लावणं तिला सोपं होतं. तिनं हिशेब मांडला तो सगळ्या बायकांचा. फिलाडेल्फियाच्या कॉलेजला धाडलेल्या अर्जातही तोच मुद्दा आहे: आमच्या बायका पुरुषाच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात.

हे वाक्य मी जेव्हा नीट वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. त्याचं कारण पुढं येईलच.

7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून निघून जूनच्या सुरुवातीला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. शरदऋतूत फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. थंडी, नऊवारी, शाकाहार आणि वाढत जाणारा खोकला. या सगळ्याचं वर्णन आजवर अनेकांनी केलं आहे, मी करत नाही. 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. पण त्या पदवीतली एक गोष्ट मला नेहमी अडवते. प्रबंधाचा विषय कोणताही घेता आला असता. त्यांनी घेतला तो हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. श्रीरामपूरच्या सभेत व्यासपीठावर न आणलेलं बाळ इथं आलं असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे. इतिहासकारानं ते खोडून काढलं तरी माझी हरकत नाही.

त्यांच्या कॉलेजातलं 1885 सालचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपापल्या देशाच्या वेषात तिघीजणी बसल्या आहेत. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. यातल्या ओकामीबाई पुढं टोकियोच्या एका रुग्णालयात नोकरीला लागल्या आणि तिथं आलेल्या सम्राटानं, बाई आहे म्हणून त्यांचं स्वागत नाकारलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, अशी नोंद आहे. आमच्याकडं बायकांना पुरुष डॉक्टर नको, आणि तिकडं राजाला बाई डॉक्टर नको. मधल्या मधे मरायचं ते रोग्यानं.

आनंदीबाईंना नोकरी दिली तीही कोल्हापूरनंच. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या बायकांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून संस्थानानं त्यांना बोलावलं. म्हणजे ज्या गावातून ते पहिलं पत्र निघालं, त्याच गावी त्या डॉक्टर म्हणून परतायच्या होत्या. पण 1886 च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षय घेऊनच. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं व्हायचं होतं. एकही रोगी तपासायला त्या कोल्हापूरला पोचल्या नाहीत. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडं गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सी गावी त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत आहे.

ते आल्बर्ट एडवर्ड म्हणजे आजचं सी.पी.आर. भाऊसिंगजी रस्त्यावरून जाताना काळ्या दगडाची ती जुनी इमारत दिसतेच. पुढं त्याच हॉस्पिटलात कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं, आणि कोल्हापूरच्या किती घरांतली मुलं त्यांच्या हातावर जन्मली. आनंदीबाईंचं नाव सर्वांना ठाऊक, कृष्णाबाईंचं कोल्हापूरबाहेर कुणाला विचारा! एकीनं एकही बाळंतपण केलं नाही, दुसरीनं आयुष्यभर केली. मी धंद्यानं दुसरीच्या बाजूची, म्हणून जरा कडवट लिहिते आहे हे मला कळतं.

आनंदीबाई गेल्या त्याला आठवडाही झाला नव्हता. 4 मार्च 1887 रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना आज्ञा केली, की नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. अकराव्या वर्षी लागलेलं ते लग्न. बाईनं तुरुंग पसंत केला. अखेर 1888 साली पैसे देऊन ते प्रकरण मिटलं आणि 1889 साली त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. 1895 पासून सुरत आणि मग राजकोट इथं त्यांनी तीस-पस्तीस वर्षं बायकांचे दवाखाने चालवले. रखमाबाईंना कोणत्या प्रसंगानं डॉक्टर केलं म्हणायचं? खटल्यानं? की घरात सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते, त्यांची पुस्तकं, त्यांच्या वनस्पती, त्यांच्याकडं येणारी माणसं, यानं? खटला नसता तर विलायतेची दारं उघडली नसती हे खरं. पण दवाखाना बघतच मोठी झालेली मुलगी होती, म्हणून दार उघडल्यावर कुठं जायचं ते तिला ठाऊक होतं.

एका रात्रीत डॉक्टर झालेलं माणूस मुळी नाहीच, असंही म्हणवत नाही. वेल्लोरच्या आयडा स्कडर आहेत की. मिशनऱ्याची ही मुलगी. आपण काही आईबापांसारखं हिंदुस्थानात राहणार नाही, असं तिनं ठरवलेलं. तिंडिवनमला एका रात्री तिघेजण वेगवेगळे तिच्या दारात आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक दुसऱ्या जातीचा हिंदू. तिघांच्याही बायका अडलेल्या. तिचे वडील डॉक्टर होते, ते यायला तयार होते. तिघांनीही पुरुष नको म्हटलं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेत शिकून 1900 साली परत आली आणि वेल्लोरचं ते मोठं रुग्णालय उभं राहिलं. हे तिनं स्वतः सांगितलेलं आहे, आणि मी ते मानते. पण माझ्या बाबतीत तसं घडलं नव्हतं.

आता माझा हिशेब.

1967 साली आज्जीच्या मोतीबिंदूसाठी मी तिला घेऊन मिरजेला गेले. आमच्या भागात 'मिरजेला नेलं' एवढंच म्हणायचे. पुढं दवाखाना हा शब्द लावायची गरज नसायची. 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी तिथं रुग्णालय उघडल्यापासून खानापूर, गोकाक, अथणी, विजापूरकडची माणसं रेल्वेनं तिथं उतरत आली आहेत. बाहेरच्या बाकावर आज्जी आणि मी पाळीची वाट बघत बसलो होतो. एक तरुण डॉक्टरीण आली. शेजारच्या बाईशी कानडीत बोलली, आज्जीशी मराठीत, दोघींच्या पापण्या वर करून बघितल्या आणि गेली. आज्जी तिच्या पाठीकडं बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तुझा आजा गाडी जुंपून उभा होता गे. पहिल्याच रात्री. मीच नको म्हटलं. गडी माणसाचा हात माझ्या लेकीला लावू द्यायचा न्हाई म्हटलं."

मी काही बोलले नाही. तिनंही पुन्हा तो विषय काढला नाही. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, गणितात बरी होते, आणि घरात मला शिक्षिका करायचं चाललं होतं. त्या बाकावर मी काही शपथ वगैरे घेतली नाही. घरी आल्यावर वडिलांना एवढंच विचारलं, की डॉक्टरकीला किती वर्षं लागतात. ते म्हणाले, "लई लागतात." दोन वर्षांनी मी मिरजेलाच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

म्हणजे आत्ती गेली 1960 ला आणि मी विचारलं 1967 ला. मधली सात वर्षं भाषणात बसत नव्हती म्हणून मी ती गाळली. ते एक वेळ चालेल. पण आजोबांवर ठेवलेला ठपका? आजोबा 1964 ला वारले होते. आज्जी 1981 पर्यंत होती. माझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसली होती. तिच्यादेखत मी ते आजोबांवर ढकललं आणि ती गप्प बसली. वारलेल्या माणसावर ठेवलं की कुणी भांडायला येत नाही. शिवाय सभेला हट्टी म्हातारा लगेच पटतो. आई असून लेकीला अडवणारी बाई पटत नाही. आनंदीबाईंच्या अर्जातलं ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं ते यासाठी. तिनं कारण सांगितलं होतं ते माझ्या आज्जीचं. बायका मरण पत्करतात, किंवा लेकीसाठी पत्करतात.

आणि आज्जीला दोष द्यावा, तर तोही मला जमत नाही. चौतीस वर्षं बेळगावात बाळंतपणं केली. कानडी बायका 'ब्यानी' म्हणत आल्या, मराठी बायका 'कळा' म्हणत आल्या. तिकडची बाणंती, आपली बाळंतीण. खोलीत पाऊल टाकताच पहिलं वाक्य मात्र दोन्हीकडून एकच यायचं. "गंडसर ब्याड्री", "गडी माणूस नको हं बाई". 1980 साली यायचं तसं 2005 सालीही यायचं. भूल देणारे डॉक्टर पुरुष असले की मी त्यांना दाराआड थांबवून आधी आत जायची, बाईचा हात धरायची आणि मग त्यांना बोलवायची. हे मला कुठल्याही पुस्तकात शिकवलं नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेत मला बोलावलं होतं. शाल-श्रीफळ झालं, तोच प्रश्न आला. मी आत्तीची गोष्ट सांगितली. या वेळी आजोबा गाडी जुंपून उभे होते हे सांगितलं, आज्जीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि सात वर्षंही सांगितली. कुणी पदर लावला नाही. जरा चुळबुळच झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, गाडी जुंपलेलीच होती, तर आजोबांनी आज्जीचं का ऐकलं?"

मला उत्तर आलं नाही. मी तिला तसं सांगितलं.